नाव तेच, क्रमांक नवा

वाचकांचे प्रश्न : कचेरीतला संगणक

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात संगणक शिकवते. शाळेतल्या मशिनींची देखभालही माझ्याच गळ्यात आहे. आमच्या संस्थेची दोन हायस्कुलं आणि उच्च माध्यमिक यांचं नेटवर्क आता एक करायचं ठरलंय. जुना सर्व्हर विंडोज २०१२ आर-टूचा होता. नवा आलाय आणि त्यावर संस्थेच्या नावाचं नवं डोमेन, म्हणजे सगळ्या मशिनी आणि युजर एकाच सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था, तयार आहे. माझ्या शाळेच्या ४६ मशिनी जुन्या डोमेनमधून काढून नव्यात घालायच्या आहेत. त्यांतल्या २४ लॅबमध्ये आहेत, बाकीच्या २२ कचेरीत, स्टाफरूममध्ये आणि मुख्याध्यापकांकडे. सर्व्हर देणारे म्हणतात, चवथीच्या सुट्टीत दोन दिवसांत सगळं उरकू, शाळा उघडल्यावर कुणाला कळणारही नाही. मी आधी माझ्या मशीनवर करून पाहिलं. लॉगिन झालं, पण डेस्कटॉप कोरा! युजरचं नाव तेच, पासवर्ड तोच, मग माझ्या फायली कुठं गेल्या? युजर्स फोल्डरात आता माझ्या नावाचे दोन फोल्डर दिसतात. आमच्या हेडक्लार्क बाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्यांनी हे ऐकल्यापासून धास्तीच घेतली आहे. काय करू?

एक संगणक शिक्षिका, फोंडा तालुका

उत्तर : तुमच्या फायली कुठंही गेलेल्या नाहीत, आधी जीव भांड्यात पडू द्या. त्या जुन्या फोल्डरात जशाच्या तशा आहेत. फक्त तो फोल्डर आता तुमचा आहे, हे मशीनला ठाऊक नाही.

असं का झालं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आपल्याकडे घराला लोक नावाने ओळखतात, पण व्यवहार करायची वेळ आली की एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढतात आणि त्यावरचा सर्व्हे नंबर बघतात. एका वाड्यावर एकाच नावाची दोन घरं असू शकतात, नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. विंडोजचंही तसंच. तुम्ही पडद्यावर नाव टाइप करता, मशीन मात्र आतून तुमचा क्रमांक वाचतं. त्याला एसआयडी म्हणतात. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘हू ॲम आय’ हे तीन इंग्रजी शब्द सलग लिहा, एक जागा सोडून स्लॅश द्या आणि ‘युजर’ लिहून एंटर मारा. एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसेल. त्यातले मधले तीन मोठे आकडे डोमेनचे, अगदी शेवटचा छोटा आकडा तुमचा. डोमेन बदललं की मधले आकडे बदलतात, म्हणजे पूर्ण क्रमांकच बदलतो. नाव आणि पासवर्ड तेच ठेवले तरी मशीनच्या लेखी तुम्ही कुणी परक्या बाई आहात. परक्या बाईला ते नवी कोरी खोली उघडून देतं. या खोलीला, म्हणजे एका युजरच्या फायली आणि सेटिंगं ठेवणाऱ्या फोल्डरला, प्रोफाइल म्हणतात. तुमच्या नावाचा फोल्डर आधीच असल्यामुळे नव्या फोल्डरला तुमचं नाव, टिंब आणि नव्या डोमेनचं नाव असं जोडनाव मिळतं. तुम्हाला दिसलेला दुसरा फोल्डर तो हाच.

आता इथं बहुतेक जण एक गोष्ट करतात, आणि तुम्हीही कदाचित केली असेल : जुन्या फोल्डरातलं सगळं उचलून नव्यात टाकायचं. डेस्कटॉपवरच्या आणि डॉक्युमेंट्समधल्या फायली येतात. बाकीचं येत नाही. ते ‘बाकीचं’ म्हणजे काय, हे मला एकदा फार वाईट रीतीने कळलं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वी बार्देसमधल्या एका कचेरीतल्या नऊ मशिनी मी अशाच नव्या डोमेनमध्ये हलवल्या. रविवारी, कचेरी बंद असताना, एकटीने. प्रत्येकाचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि ब्राउझरचे बुकमार्क नव्या प्रोफाइलमध्ये नेले. डिस्क लहान होत्या, म्हणून जागा करायला जुने फोल्डर पुसून टाकले. सोमवारी सकाळी तिथल्या ज्येष्ठ लिपिक बाई आल्या, मशीन लावलं आणि कितीतरी वेळ नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या. फायली सगळ्या होत्या, पण डाव्या बाजूला नावाच्या क्रमाने ओळीत लागलेल्या. बाईंची रीत अशी होती की आलेलं काम डाव्या कडेला, सहीला गेलेलं मधोमध, पुरं झालेलं उजवीकडे, आणि ज्याचा पाठपुरावा करायचाय ते खाली घड्याळाजवळ. फायलीचं नाव त्या वाचतच नसत, जागेवरून ओळखत. अकरा वर्षांचा तो नकाशा मी एका रविवारात मोडला होता. आयकॉन कुठं आहेत ही नोंद त्या फायलींसोबत नसते, युजरच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज सेटिंगं टिपून ठेवतं त्या नोंदींत, असते. ती रजिस्ट्री प्रोफाइल फोल्डरातल्या एनटीयुजर डॉट डॅट नावाच्या लपलेल्या फायलीत राहते. ती मी नेली नव्हती.

दुपारी त्याहून मोठं काम निघालं. बार्देसमधल्या गावांची रोमन स्पेलिंगं पोर्तुगीज काळापासूनची. हणजूणचं अंजुना, हळदोण्याचं आल्दोना, उसकईचं उकासाईम, बस्तोड्याचं बास्तोरा. बोलायचं एक आणि कागदावर लिहायचं दुसरं. बाईंनी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये प्रत्येक गावासाठी दोन-तीन अक्षरांची खूण भरून ठेवली होती. अक्षरं मारली की गाव, तालुका, पिनकोड सगळं बिनचूक उमटायचं. शब्दकोशातही शेकडो आडनावं घातलेली, म्हणजे खाली लाल रेघ येऊ नये. हे सगळं ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरात असतं. तो मी पुसला होता. डिस्कवरून परत काढायचा प्रयत्न केला, मिळालं नाही. बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचे कित्येक आठवडे जुनी पत्रं समोर ठेवून त्या ती यादी पुन्हा भरत होत्या.

तेव्हापासून मी दोन नियम पाळते, आणि तुम्हालाही तेच सांगते. एक, जुनं प्रोफाइल कॉपी करायचं नाही, तेच नव्या क्रमांकाला जोडून द्यायचं. दोन, ज्याचं मशीन आहे तो माणूस खुर्चीत बसलेला असताना हलवायचं.

पहिल्याबद्दल. जोडून देणं म्हणजे तीन गोष्टी : जुन्या फोल्डरावर नव्या एसआयडीला पूर्ण हक्क देणं, एनटीयुजर डॉट डॅटच्या आतल्या रजिस्ट्रीवर तेच हक्क देणं, आणि विंडोजच्या प्रोफाइललिस्ट या नोंदवहीत ‘या क्रमांकाची खोली ती जुनीच’ असं लिहिणं. हाताने करता येतं, पण बावीस मशिनींवर हाताने केलं तर कुठंतरी चूक होणारच. यासाठी साधनं आहेत. मायक्रोसॉफ्टचं एडीएमटी जुनं आणि मोठं. त्याला दोन्ही डोमेन एकाच वेळी चालू आणि एकमेकांशी ट्रस्टने, म्हणजे एकमेकांचे युजर ओळखण्याच्या जोडणीने, बांधलेली लागतात. शेकडो युजर आणि त्यांचे ग्रुप हलवायचे असले तर ते बरं, पण विंडोज १० आणि ११ वर त्याने हक्क बदलले की स्टार्ट मेनू आणि स्टोअरमधली ॲप अडखळू शकतात. यूएसएमटी हे मायक्रोसॉफ्टचंच दुसरं. ते जुन्या प्रोफाइलमधलं गोळा करून बाजूला ठेवतं आणि नव्या युजरच्या नावावर ओततं. मशीनच बदलायचं असेल तर मी तेच वापरते. तुमच्या मशिनी त्याच आहेत, फक्त डोमेन बदलतंय. अशा वेळी माझी निवड फॉरेन्सआयटीचं युजर प्रोफाइल विझार्ड. त्याची फुकट आवृत्ती एकेका मशीनवर बसून चालवता येते. नव्या डोमेनचं नाव घाला, युजरचं नाव घाला, यादीतून जुनं प्रोफाइल निवडा. मशीन नव्या डोमेनमध्येही ते स्वतःच घालतं. फायली हलत नाहीत, नुसते हक्क बदलतात, त्यामुळे साठ-सत्तर जीबीचं प्रोफाइल असलं तरी दिवस मोडत नाही.

तुमच्या स्वतःच्या मशीनवर आता नवं कोरं प्रोफाइल तयार झालंच आहे. त्यात काही साठवलं असेल तर आधी पेन ड्राइव्हवर घ्या, सिस्टीम प्रॉपर्टीजमधल्या युजर प्रोफाइल्सच्या यादीतून ते काढून टाका, मग जुनं जोडा. युजर्स फोल्डरात जाऊन हाताने पुसू नका. का, ते पुढच्या प्रश्नात येईलच.

आता चवथ. बाई, चवथीत हे काम काढू नका. सर्व्हर देणाऱ्यांनाही सांगा. आपल्याकडे चवथीला माणूस मूळ घरी जातो. माटोळीचं सामान, आरत्या, पाहुणे यांत पासवर्ड विचारायला फोन केला तर कोण उचलणार? त्यात भर पावसाचे दिवस. जोडणी अर्ध्यावर असताना वीज गेली तर ते मशीन ना जुन्या डोमेनचं राहील ना नव्या. पण माझा खरा आक्षेप ‘कुणाला कळणारही नाही’ याच वाक्याला आहे. कळायला हवं. ज्याचं मशीन आहे त्याला आधी कळायला हवं, कारण त्यात काय काय आहे हे त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. माझ्या बार्देसच्या बाईंना मी शनिवारी दहा मिनिटं विचारलं असतं, तर त्यांनी ती गावांची यादी मला आपण होऊन दाखवली असती.

सुट्टीत करायची कामं वेगळी आहेत, ती खुशाल करा. सर्व्हरवर युजर उघडा. सामायिक फोल्डर नव्या सर्व्हरवर न्या आणि त्यांचे हक्क नव्या ग्रुपना द्या. जुने हक्क तसेच उचलून आणलेत तर सिक्युरिटीच्या पानावर नावांच्या जागी एस-१-५-२१ चे आकडे दिसतील आणि सोमवारी कुणालाच फोल्डर उघडणार नाही. ड्राइव्हचं अक्षर बदलू नका. कचेरीत ‘झेड’ म्हणजे वार्षिक निकाल असं डोक्यात बसलेलं असेल तर नव्या सर्व्हरवरही ते झेडच राहू द्या.

लॅबच्या २४ मशिनींवर मुलांची प्रोफाइलं आहेत, त्यांत जपण्यासारखं काही नसतं. मुलांचे प्रकल्प सर्व्हरवर आहेत ना, एवढं बघा आणि सरळ नव्या डोमेनमध्ये घाला. हे एका दिवसाचं काम.

उरलेल्या २२ मशिनी रोज तीन घ्या, आठवडा-दीड आठवड्यात होतील. पहिलं तुमचं. दुसरं एखाद्या उत्साही तरुण शिक्षकाचं. हेडक्लार्क बाईंचं पाच-सहा झाल्यावर, तुमचा हात बसला की. मुख्याध्यापकांचं त्यानंतर.

प्रत्येक मशीनला हात लावण्यापूर्वी माणसाशेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याला रोजचं काम करून दाखवायला सांगा. ‘तुमचं काय काय आहे?’ असं विचारलं तर कुणालाच आठवत नाही. काम करायला लागले की सगळं आपोआप समोर येतं. तेव्हा काय बघायचं ते सांगते.

ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. हे विंडोज तुमच्या जुन्या क्रमांकाशी आणि पासवर्डशी बांधून कुलूपबंद ठेवतं. प्रोफाइल जोडलं तरी ते कुलूप उघडेलच असं नाही. क्रोममधून पासवर्डची यादी फायलीत काढता येते. काढा, हलवल्यावर पुन्हा भरा आणि ती फाइल त्याच क्षणी पुसा, कारण ती कुणालाही उघडी वाचता येते. शिक्षण खात्याच्या आणि परीक्षेच्या पोर्टलांचे पासवर्ड बऱ्याच कचेऱ्यांत फक्त ब्राउझरलाच पाठ असतात, माणसाला नाही.

आउटलुक वापरत असतील तर पीएसटी फाइल, म्हणजे साठवलेल्या ईमेलची फाइल, कुठं आहे ते बघून तिची प्रत घ्या. कुणी फोल्डर एन्क्रिप्ट केला असेल, म्हणजे आयकॉनवर बारीक कुलूप दिसत असेल, तर ते कुलूप उघडणारं प्रमाणपत्र आधी बाहेर काढा किंवा एन्क्रिप्शन उतरवा. हे विसरलात तर फाइल डोळ्यांसमोर असेल आणि उघडणार नाही. स्टिकी नोट्समध्ये लिहिलेलं वहीत किंवा साध्या फायलीत उतरवून घ्या. त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर लोकांनी काय काय लिहून ठेवलेलं असतं, बघाल तर थक्क व्हाल.

आणि मराठी फॉन्ट. हे आपल्या कचेऱ्यांचं खास दुखणं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. २०१८ सालच्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून साध्या युजरला ॲडमिनचा पासवर्ड न देता फॉन्ट घालता येतो. पण तो फक्त त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये बसतो, मशीनच्या फॉन्ट फोल्डरात जात नाही. शाळेची इतिवृत्तं, निमंत्रणं, सूचना वर्षानुवर्षं युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली असतात. नव्या प्रोफाइलमध्ये तो फॉन्ट नसला की पालक-शिक्षक संघाच्या सभेचं अख्खं इतिवृत्त इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येतं. मग माणसाला वाटतं फाइल बिघडली. एका शाळेत अशा ‘बिघडलेल्या’ फायली शिपायाकरवी पुसून टाकायला निघाले होते, मी योगायोगाने तिथं होते म्हणून वाचल्या. उपाय सोपा आहे : फॉन्टच्या फायलीवर उजवं क्लिक करून ‘सगळ्या युजरसाठी इन्स्टॉल’ हा पर्याय निवडा आणि हे डोमेन हलवण्यापूर्वी करा. इन्स्क्रिप्ट कळपाट वापरणाऱ्यांची भाषा नव्या युजरमध्ये पुन्हा निवडावी लागते का, तेही पाहा. पन्नाशीतल्या लिपिकाच्या बोटांना जी सवय आहे, ती त्याला पहिल्या मिनिटाला मिळाली पाहिजे.

हे सगळं पाहून झालं, बाहेरच्या डिस्कवर प्रत घेतली की मशीनकडे वळा. जुन्या डोमेनमधून काढण्याआधी त्या मशीनवर एक लोकल, म्हणजे डोमेनचं नसून त्या मशीनपुरतंच असलेलं, ॲडमिन खातं आहे का आणि त्याचा पासवर्ड चालतो का, हे प्रत्यक्ष लॉगिन करून बघा. विंडोजचं मूळचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं बंदच असतं. डोमेन सुटल्यावर जुन्या डोमेनचं कुठलंच नाव चालत नाही, आणि लोकल खातं नसेल तर तुम्ही स्वतःच्याच मशीनबाहेर उभ्या राहाल. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर घ्या. विंडोजची होम आवृत्ती डोमेनमध्ये जात नाही, प्रो लागते. देणगीत आलेल्या मशिनींवर हे हमखास निघतं.

‘डोमेन सापडत नाही’ असा निरोप आला तर घाबरू नका आणि सर्व्हरवाल्यांना लगेच फोनही करू नका. दहातल्या नऊ वेळा डीएनएसचा, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता चुकलेला असतो. मशीनचं डीएनएस नव्या सर्व्हरकडे बघत असलं पाहिजे, राउटरकडे किंवा गूगलच्या चार आठांकडे नाही. ते बरोबर असेल तर घड्याळ बघा. मशीन आणि सर्व्हरच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक असला तर सर्व्हर ओळख पटवून घेत नाही. जुन्या मशिनींच्या आतली बटणासारखी बॅटरी संपलेली असते आणि रात्री वीज गेली की घड्याळ भलत्याच वर्षात जाऊन बसतं. मशीनचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा.

विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तुमच्याकडच्या काही मशिनींवर अजून तेच असेल. ११ वर न्यायच्या आहेत, हे मान्य. पण डोमेन बदलणं आणि विंडोज बदलणं एकाच दिवशी करू नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही. मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

स्टाफरूमच्या मशीनवर पाच-दहा शिक्षकांची प्रोफाइलं असतील. ती एकेक करून जोडावी लागतात, पहिलं जोडलं की झालं असं नाही. प्रत्येकाला विचारा. ‘माझं सगळं पेन ड्राइव्हवर आहे’ म्हणणाऱ्या शिक्षकांच्याच डेस्कटॉपवर प्रश्नपत्रिका सापडतात.

पहिलं लॉगिन त्या माणसाला स्वतःला करू द्या. त्याने आपल्या हाताने एक फाइल उघडावी, एक पान छापावं, एक पत्र लिहावं. छापलं गेलं, फॉन्ट दिसला, आयकॉन जागेवर आहेत असं तो म्हणाला की मगच उठा. प्रिंटर पुन्हा जोडावा लागला तर तिथल्या तिथं जोडा.

जुना सर्व्हर महिनाभर तरी बंद करू नका. काहीतरी राहिलेलं असतंच, आणि ते महिनाअखेरीला पगारपत्रकं काढताना कळतं. एकदा महिन्याचा पगार नव्या डोमेनमधून निघाला की मग बघा.

हेडक्लार्क बाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या मशीनचा फोटो आधी काढून ठेवा, मोबाइलवर, पूर्ण डेस्कटॉपचा. हलवल्यानंतर तो फोटो आणि पडदा त्यांच्यासमोर शेजारी शेजारी धरा. एक आयकॉन जरी इकडचा तिकडे झालेला असला तरी त्यांना तो जागेवर ठेवून द्या. त्यांची धास्ती खरी आहे. वर्षभरच राहिलंय म्हणून ते वर्ष त्यांनी चाचपडत का काढावं?

प्रश्न : ‘तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलने लॉगिन झाला आहात’ असा निरोप येतो आणि डेस्कटॉप रिकामा दिसतो. आदल्या रात्री काम चालू असताना वीज गेली होती. दिवसभर त्यावरच काम करून फायली साठवल्या. आज पाहतो तर त्याही नाहीत!

एक हिशेबनीस, पेडणे

उत्तर : त्या दिवसभरातल्या फायलींबद्दल वाईट वाटतं. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेलं सगळं लॉगआउट होताच पुसलं जातं. हा निरोप पुन्हा दिसला तर त्या दिवशीचं काम फक्त पेन ड्राइव्हवर किंवा सर्व्हरवर ठेवा.

जुन्या फायली बहुधा सुखरूप आहेत. सी ड्राइव्हच्या युजर्स फोल्डरात तुमचा जुना फोल्डर आहे का ते आधी बघा. असला तर त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मशीन एक-दोनदा रीस्टार्ट करून पाहा, कधी कधी तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर वर सांगितलेली प्रोफाइललिस्ट नोंदवही उघडावी लागेल. तिथं तुमच्या क्रमांकाच्या दोन नोंदी दिसतील, एकीच्या शेवटी ‘डॉट बॅक’ असं शेपूट असेल. खरी खोली त्या शेपटाच्या नोंदीत असते. प्रोफाइल उघडताना अडचण आली म्हणून विंडोजने ती बाजूला सारून तात्पुरती नोंद पुढे केलेली असते. बिनशेपटीचं नाव बदलायचं, शेपटीच्या नोंदीचं शेपूट काढायचं, रीस्टार्ट करायचं. हे दुसऱ्या ॲडमिन खात्यातून करायचं आणि करण्याआधी ती नोंदवही फायलीत काढून ठेवायची. रजिस्ट्रीत कधी हात घातला नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

फोल्डरच दिसत नसेल तर कुणीतरी जागा करण्यासाठी तो हाताने पुसला असावा. नोंद राहते आणि खोली नसते, मग विंडोज दर वेळी तात्पुरती खोली देतं. म्हणूनच प्रोफाइल काढायचं ते सिस्टीम प्रॉपर्टीजमधून. तिथून काढलं की नोंद आणि फोल्डर दोन्ही एकदम जातात. आणि हिशेबाच्या मशीनला यूपीएस घ्या. पावसाळ्यात पेडण्याला वीज किती वेळा जाते हे मी तुम्हाला काय सांगणार.

प्रश्न : मी वास्कोला राहतो, कंपनी वेर्ण्याला. आठवड्यातले चार दिवस घरून काम करतो. आमचं डोमेन बदलतंय आणि आयटीवाले म्हणतात, लॅपटॉप घेऊन कंपनीत याच. घरून होणार नाही का?

एक वाचक, वास्को

उत्तर : आयटीवाल्यांचं ऐका. नव्या डोमेनमध्ये पहिल्यांदा लॉगिन करताना लॅपटॉपला त्या सर्व्हरशी प्रत्यक्ष बोलावं लागतं. एकदा ओळख पटली की ती आठवण लॅपटॉपमध्ये राहते, विंडोजच्या मूळ रचनेत शेवटच्या दहा युजरपर्यंत, आणि मग घरी नेटवर्क नसतानाही लॉगिन होतं. काही कंपन्यांत घरच्या इंटरनेटवरून कंपनीच्या नेटवर्कशी लॉगिनच्या आधीच जोडणारं व्हीपीएन असतं, त्यातून घरूनही होतं. पण मध्येच तुटलं तर तुम्ही वास्कोला आणि दुरुस्त करणारा वेर्ण्याला. एक फेरी मारा. चार्जर न्या, ब्राउझरचे पासवर्ड आधी काढून घ्या. तिथून निघण्याआधी केबल काढा, वाय-फाय बंद करा, साइन आउट होऊन पुन्हा एकदा लॉगिन करून बघा. तिथं उघडला तर घरीही उघडेल.